प्रत्येक शब्दाला एक प्रवासी

सरिता आमच्या समोरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहते. देवळाली कॅम्पात एसटीची कंडक्टर म्हणून तिला सगळे ओळखतात. तिची गाडी नाशिक–घोटी. माहेर घोटीकडचं, भातशेतीचं. फेब्रुवारीत ती मुलीला, तृप्तीला, घेऊन माझ्याकडे आली. तृप्ती सातवीत. आठवीला सेमी इंग्रजीची तुकडी हवी असेल तर एप्रिलमध्ये परीक्षा: दीडशे अवघड इंग्रजी शब्दांच्या यादीतले पन्नास विचारणार, अर्थ मराठीत लिहायचे, पस्तीस बरोबर यायलाच हवेत.

"इंग्रजीला भ्यायले म्हणून मी सायन्स घेतलं नाय," सरिता म्हणाली. "हिचं तसं नको व्हायला, काकू."

मी म्हटलं, काळजी सोड. मी कॉन्व्हेंटची. साठ वर्षं रोज डायरी लिहिते, एकही दिवस चुकलेला नाही, आणि हे मी तिला न विचारता सांगितलं.

माझी पद्धत सिस्टर लोकांची. अर्थ मराठीत लिहायचे असले तरी शिकायचे इंग्रजीतूनच. ऑब्स्टिनेट म्हणजे स्टबर्न. स्टबर्न म्हणजे काय, तर अनयील्डिंग. अनयील्डिंगसाठी डिक्शनरी उघडली तर तिथे ऑब्स्टिनेट. तृप्ती 'हो आजी' म्हणत मान डोलवायची आणि प्रत्येक शब्द दहादा लिहायची. दोन आठवड्यांनी मी पन्नास शब्दांची चाचणी घेतली. अकरा आले. त्या दिवशी मी डायरीत लिहिलं: 'पद्धत निर्दोष. मुलगी मंद.'

रविवारी सरिताची सुट्टी होती. ती तृप्तीच्या वेण्या घालायला माझ्याच ओट्यावर बसली आणि म्हणाली, मलाही ऐकू द्या. शब्द होता हेझिटंट. मी डिक्शनरीतली ओळ वाचली. सरिताने विचारलं, साध्या मराठीत काय? मी नाइलाजाने सांगितलं, करू की नको असं करणारा.

"म्हणजे वाडीवऱ्ह्याचे गोटीराम बाबा," ती मुलीला म्हणाली. "हात करून गाडी थांबवत्यात, आन् मग चढू का नको करत बसत्यात."

तृप्ती हसली. पुढचा शब्द रिलक्टंट. मी बजावलं की हा वेगळा, मनाविरुद्ध करणारा, दोन्ही एक समजायचे नाहीत. सरिता म्हणाली, वेगळाच की, ही तर सासरी निघालेली पोर. चढते, पण तोंड माहेराकडे. मी डिक्शनरी मिटली नाही, नुसती मांडीवर धरून बसले.

त्यानंतर रोज संध्याकाळी ड्यूटीवरून आली की सरिता शब्द मागायची. मी मराठी सांगायचे, ती प्रवासी द्यायची, तृप्ती वहीत लिहायची. ॲडमंट म्हणजे दारातल्या पायरीवरून न हलणारा. फ्रूगल, म्हणजे काटकसरी, त्या चांगुणाबाई, एका केळ्यावर घोटीपर्यंत तिघी नाती शांत ठेवतात. माझं काम उरलं होतं चहाचं.

एकदा तृप्ती वही माझ्याकडे विसरली. दुसऱ्याची वही वाचू नये हे मी जन्मभर सांगत आले; तरी वाचली. 'पॉम्पस'समोर लिहिलं होतं: 'आजी, इंग्रजी बोलताना.'

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, हे कुणी लिहिलं? तृप्तीने आईकडे पाहिलं.

"मीच सांगितलं," सरिता म्हणाली. "राग नका मानू काकू, गाडीत त्या मापाचं कोणी घावलंच नाय."

मी तिला समजावलं की नुसता रुबाब म्हणजे पॉम्पस नव्हे. पॉम्पस माणूस मोठेपणा मिरवतो आणि त्याला आपण तसे आहोत याचा पत्ताच नसतो.

"मग बसलं की बरोबर," ती म्हणाली.

त्या दिवशीची नोंद डायरीत दोनच ओळींची आहे. हवामानाबद्दल.

एप्रिलमध्ये तृप्तीला पन्नासपैकी एक्केचाळीस मिळाले. सेमीच्या तुकडीत नाव लागलं. सरिता ड्रेसवरच पेढे घेऊन आली, बिल्लाही काढला नव्हता. मी पेपर मागून घेतला आणि चुकलेले नऊ शब्द तपासले. सात त्या पहिल्या दोन आठवड्यांतले होते, ज्यांच्याबद्दल 'हे माझे शिकवून झालेत, त्यांना हात लावायचा नाही' असं मी सरिताला सांगितलं होतं. हे मी स्वतःहून कबूल केलं. कुणी विचारलं नव्हतं.

सरिता खुर्ची ओढून बसली. म्हणाली, जूनमध्ये सायन्सचं पुस्तक इंग्रजीत येणार, तेव्हा रोज यायचं ना? मी म्हटलं, या, पण मी काय शिकवणार?

"तुम्ही फक्त वाचायचं कसं ते सांगा," तृप्ती म्हणाली. "अर्थ आम्ही बघतो."