आठवड्याचे सात मंगळवार

"आज मंगळवार हाय," असं म्हणून आईनं बशी माझ्याकडं परत सरकवली. त्या दिवशी गुरुवार होता. बशीत मी सकाळपासून खपून केलेला मफिन होता, ज्वारीचं पीठ आणि केळं घालून. आईला मंगळवारी धान्य चालत नाही, तिचा भवानीचा उपवास असतो. म्हणजे विषय संपला.

"आई, आज गुरुवार आहे."

"असंल. माझ्या ध्यानात न्हाय ऱ्हात आता. पर एकदा उपास म्हटला की म्हटला."

तुळजापुरात मंगळवार ओळखायला कॅलेंडर लागत नाही. पहाटेपासून सोलापूरच्या गाड्या भरभरून येतात, गल्लीच्या तोंडाशी संबळ वाजत असतो आणि मला माझीच स्कूटर बाहेर काढता येत नाही. त्या गुरुवारी गल्लीत एक कुत्रं आडवं झोपलं होतं आणि बाकी शुकशुकाट होता. तरी आईचा मंगळवार.

हे मफिनचं खूळ माझ्या डोक्यात उगाच शिरलं नव्हतं. उन्हाळ्यात आई दोनदा गॅसवर दूध ठेवून विसरली. मग एकदा देवळातून येताना आपली गल्ली सोडून पुढच्या गल्लीत शिरली आणि एका परक्या घराचं दार वाजवत उभी राहिली. त्या घरच्या बाईनं तिला हाताला धरून आणून सोडलं. दुसऱ्याच दिवशी मी तिला सोलापूरला डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, हा विसर नुसता वयाचा वाटत नाही. खात्रीचं औषध नाही, पण साखर आणि मैदा बंद करा, सालासकट धान्य, फळं, अक्रोड, जवस असं पोटात जाऊ द्या. झाला तर फायदाच होईल. आणि लक्ष ठेवा, वार-तारीख चुकतात का, माणसं चुकतात का.

मी घाबरलो. घाबरलो की मला राग येतो, हा माझा जुना रोग आहे. तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं, माझ्या वर्गातली पोरं सांगतील.

आता आईच्या पोटात जात काय होतं? चहा आणि टोस्ट. दिवसातून चार वेळा. कवळी बसत नाही, हिरड्या दुखतात, म्हणून भाकरी सोडून तिला दोन वर्षं झाली होती. आमची पोरगी पुण्याहून एक विजेची भट्टी देऊन गेली होती, ती कपाटावर धूळ खात पडली होती. मला वाटलं, जे भाकरीत असतं तेच मऊ करून द्यावं. बायको अजून शाळेवर जाते, मी रिकामा. केली सुरुवात.

डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर पहिलंच फळ ब्लूबेरी. तुळजापुरात कुंकू मिळतं, कवड्यांची माळ मिळते, परडी मिळते. ब्लूबेरी कुठून आणू? फळवाल्याला विचारलं तर त्यानं जांभळं पुढं केली. "सर, ही बी निळीच हायेत की." घेतली. बिया काढता काढता माझी बोटं दोन दिवस जांभळी राहिली.

पहिला घाणा दगड झाला. अंडं आईला चालत नाही, म्हणून दही आणि सोडा घातला होता. तराजूवर ग्रॅममध्ये मोजून सगळं घातलं होतं. तरी दगड. मी भट्टीला शिव्या घालत होतो, तेवढ्यात आई खोलीतून उठून आली. डब्यातलं पीठ चिमटीत धरून तिनं चोळलं आणि म्हणाली, "पीठ जुनं हाय. इरी गेलीया ह्याची. ताजं दळून आन, आन् निम्मं गव्हाचं घाल."

विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. ज्वारीचं पीठ जुनं झालं की ती जाते आणि भाकरी थापताना फाटते. हे मला विज्ञान शिकवून कळलं नव्हतं, आणि जिला म्हणे काही ध्यानात राहत नाही तिला चिमटीत कळलं. मी ताजं दळून आणलं, निम्मं गव्हाचं घातलं. दुसऱ्या खेपेला मफिन चांगले फुगत होते, तर मधेच लाईट गेली. फुगलेले सगळे खाली बसले. तिसऱ्या खेपेला जमले. वर जांभळाच्या रेघा, आत मऊ, चहात बुडवला तर बरोबर विरघळेल असे. मी बशी आईपुढं ठेवली.

"हे काय, धपाटं फुगवलंस व्हय?"

"मफिन आहे. मेंदूला चांगला."

"दुखतीया कवळी आन् औषध मेंदूला. दुखनं म्हशीला आन् इंजेक्शन पखालीला," असं म्हणून तिनं एक तुकडा मोडला, वास घेतला, आणि मग तिला आठवण झाली की आज मंगळवार आहे. शनिवार होता.

त्यानंतर आमच्या घरात आठवड्याचे सातही वार मंगळवार झाले. केळ्याचा केला, मंगळवार. पपईचा केला, मंगळवार. अंजीर भिजवून घातले, अक्रोड कुटून घातले, मंगळवार. आणि मफिन बशीतून उचलला रे उचलला की दहा मिनिटांत स्वयंपाकघरात टोस्टच्या डब्याचं झाकण वाजायचं. टोस्टला मात्र उपवास लागू नव्हता. मी डबा वरच्या फळीवर ठेवला तर आईनं शेजारणीकडून पुडा मागवला. आई, तुला कळतंय का, मी हे कुणासाठी करतोय, असं मी ओरडलो. तर शांतपणे म्हणाली, "आन् म्या मंगळवार कुनासाठी धरलेत?"

माझ्यासाठीच. मी चार वर्षांचा असताना टायफॉइडनं जाणार होतो म्हणे. तेव्हा आईनं भवानीला मंगळवार बोलला. मी जगलो, आणि माझा उपवास आईच्या गळ्यात कायमचा पडला. मी देवाधर्माचा माणूस नाही. टायफॉइड औषधानं बरा होतो, हे मी तिला वेगवेगळ्या वयात वेगवेगळ्या पद्धतीनं सांगून पाहिलं आहे. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी मी डोकं चालवलं. उपवासाला राजगिरा चालतो ना? राजगिऱ्याचं पीठ, केळं, खजूर, दाण्याचा कूट. बोल आता.

"सोडा उपासाला चालतो का?" आईनं विचारलं.

मी शेजारच्या पुजारीकाकांना विचारून आलो. काका म्हणाले, चालतो.

"पर ह्या वाट्यात तू आदी जवारीचं केलतंस."

मफिन भाजायला नव्या वाट्या आणल्या. राजगिऱ्याचे मफिन केले, आणि बुधवारी, म्हणजे आईच्या मंगळवारी, बशी तिच्यापुढं ठेवली. आता कुठं पळशील, असं मला मनातल्या मनात झालं होतं. आईनं बशीकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं.

"आज बुधवार हाय," ती म्हणाली. "उपासाचं कशाला खाऊ?"

बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. आईच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. पण मी तिचा पोरगा आहे, मला तिचे डोळे कळतात. म्हातारीला सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी हात टेकले. राजगिऱ्याचे बारा मफिन दोन दिवसांत एकट्यानं खाल्ले.

पुढच्या खेपेला सोलापूरला डॉक्टरांनी तिला महिना विचारला. तिला सांगता आला नाही. साल विचारलं, तेही नाही. मग त्यांनी वार विचारला.

"परवा उपास झाला, म्हंजी आज गुरुवार," आई म्हणाली. गुरुवारच होता.

बाहेर आल्यावर डॉक्टर मला एकट्याला म्हणाले, "मंगळवार धरून आजी आठवडा मोजतात. ते बरं आहे. तेवढं टिकतंय तोवर फार काळजी करू नका." मी एसटीत बसून तिच्यावर पुन्हा चिडलो. वार पाठ आहेत, मग माझ्या मफिननं काय घोडं मारलंय? ती खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली होती.

दिवाळी झाली, सीताफळं आली. बालाघाटाची सीताफळं गोड असतात, साखरेचा कणही घालावा लागत नाही. बिया काढून गर घेतला, ज्वारी आणि गहू निम्मा निम्मा, वरून जवस. आता माझा हात बसला होता. त्या दिवशी मी सहाच केले, माझ्यासाठी आणि बायकोसाठी, कारण तो दिवस मंगळवार होता. खराखुरा. बाहेर गाड्यांचे भोंगे चालले होते, संबळ वाजत होता, कुणीतरी लाउडस्पीकरवर हरवलेल्या माणसाचं नाव पुकारत होतं. बायकोला शाळेला सुट्टी होती, ती आईसाठी भगर शिजवत होती. मी मफिन ओट्यावर निवायला ठेवले आणि चहा गाळला.

आई आली, पाटावर बसली. तिनं हात लांब करून एक मफिन उचलला, चहात बुडवला आणि खाल्ला. मी गाळणं हातात धरून उभाच राहिलो. तिनं दुसरा उचलला. तोही खाल्ला, बोटाला लागलेला गर चाटला.

"ग्वाड झालंय रं," ती म्हणाली. "असं काय तरी करत जा की. रोज ते टोस्ट खाऊन कटाळा आला."

पाच महिने मी हे एक वाक्य ऐकायला तडफडत होतो. आता ते कानावर पडलं आणि मी गाळणं खाली ठेवलं.

"आई," मी म्हणालो, "आज वार कोणता?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत कसलाही मिश्किलपणा नव्हता, मी नीट शोधला. "कुनाला ठावं," ती म्हणाली. मग बाहेरच्या आवाजाकडं कान देऊन तिनं विचारलं, "एवढी गर्दी कशाची हाय रं आज?"

बायको भगरीचं ताट घेऊन मागं उभी होती. ती काहीतरी बोलणार होती, मी मान हलवून नको म्हटलं. आईला कळलं असतं की तिच्या हातून मंगळवार मोडला, तर ती दिवसभर रडली असती. मला तर तिथंच रडू येत होतं. ज्या खोटेपणावर मी पाच महिने चिडत होतो, तो परत यावा म्हणून मी कुणाच्याही पाया पडायला तयार होतो.

"जत्रा हाय," मी म्हणालो.

"मग जा की देवीला," आई म्हणाली, आणि तिनं तिसरा मफिन उचलला.

मी ओट्याशी बसलो आणि बायकोला म्हटलं, ते ताट इकडं दे. तिनं हळूच विचारलं, "तुम्ही कधीपासून मंगळवार धरायला लागलात?" मी म्हटलं, आजपासून, कुणीतरी धरायला पाहिजे ना.

भगर मला लहानपणापासून आवडत नाही. सगळी खाल्ली.