बिनसावलीची घार

सत्तरच्या दशकात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन हिंगोलीच्या दवाखान्यात झालं. तेव्हा मोतीबिंदू काढल्यावर माणसाला उताणं निजवून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावत. मान हलली आणि टाका तुटला तर नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबा उभ्या आयुष्यात असे पडून राहिले नव्हते. त्यांना निजवून ठेवायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावहून निघताना मी माझी लाडकी कादंबरी पिशवीत टाकली.

जादूच्या किल्ल्याची कादंबरी. शाळेपासून इतक्यांदा वाचलेली की कव्हर कधीच गेलं होतं. बाबांना वाचता येत नव्हतं, पण आमच्या वस्तीत पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, धम्माचा ग्रंथ वाचला जाई तेव्हा ते अगदी पुढे बसत. वाचणाऱ्यानं मधे थांबायचं नाही आणि ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा, ही तिथली रीत. दवाखान्यातही ते तसेच ऐकत. डोळ्यांवर पट्टी, मान स्थिर, आणि वाक्यागणिक "हं".

शेवटाकडे येईपर्यंत सगळं नीट चाललं. तिथं राजपुत्राला विहिरीच्या पाण्यावर पहारेकरी घारीची सावली दिसते आणि तो सावध होतो. माझी जीभ अडली. या घारीला सावलीच नाही, म्हणून तिची झडप कुणाला चुकवता येत नाही, असं सुरुवातीला स्वच्छ लिहिलं होतं. मनातल्या मनात वाचताना हे मला कधी खटकलं नव्हतं. मी मागे गेलो. मधे कुठं चेटकिणीनं तिला सावली परत दिली असेल, म्हणून पानं चाळली. पान गळालंय का ते पाहिलं, तर आकडे बरोबर होते. लेखकाचा राग आला, स्वतःचाही. इतक्या वर्षांत मी वाचलं तरी काय?

या नादात हुंकार थांबल्याचं मला कळलंच नाही. बाबा कोपरांवर रेटून अर्धे उठले होते.

"काहून थांबला? काय झालं तुला?"

मी त्यांना खांद्याला धरून निजवलं. नर्सबाई धावत आल्या, मला बोलल्या, पट्टी तपासून गेल्या. मग मी बाबांना खरं कारण सांगितलं. 

"मला निजवून ठेवायला आला तू, का पुस्तकाची झडती घ्यायला? वाच पुढं."

मी पुढे वाचलं. हुंकार काही आला नाही.

पट्टी निघाली तेव्हा त्या डोळ्याला पुसट दिसत होतं आणि ते तसंच राहिलं. मोतीबिंदू आधीच फार पिकला होता, असं डॉक्टर म्हणाले. घरात सगळ्यांनी ते मानलं. मला जमलं नाही. मी वेड्यासारखा ती कादंबरी पुन्हा पुन्हा धुंडाळत राहिलो. घारीचा खुलासा एकदा सापडला तर माझं थांबणं निदान वाया गेलं नाही, असं काहीतरी डोक्यात होतं.

एका दुपारी बाबा ओट्यावर येऊन बसले. मान जराशी तिरपी करून माझ्या हाताकडे बघू लागले. आता ते असंच बघत.

"तेच पुस्तक हाय ना? सापडली का सावली?"

"न्हाई, बाबा."

"मग थांबला कशाला व्हता?"

आवाजात राग नव्हता. ते खरंच विचारत होते.