पितळी अर्धगोल, जोड एक

शाळेची प्रयोगशाळा रिकामी करायचं फर्मान मार्चात निघालं. तिथं आता संगणकांची खोली होणार होती. मला निवृत्त व्हायला तीन महिने उरले होते, म्हणून हे काम माझ्याच गळ्यात पडलं. नांदेडहून रोज हिमायतनगरला येणं आणि दिवसभर धूळ खाणं, असा माझा शेवटचा उन्हाळा सुरू झाला.

खरं सांगायचं तर चिडचीड वरवरची होती. त्या खोलीवर माझा जीव होता. स्पिरिटचा वास, काळ्या कडाप्प्याच्या ओट्यावर ॲसिडचे पांढरे डाग, बरणीतला फिका पडलेला बेडूक. त्या बेडकाला आठवीची प्रत्येक तुकडी नवं नाव ठेवायची आणि मी प्रत्येक वेळी रागावल्याचं सोंग करायची. एकेक कपाट उघडताना मला आमचे पहिले परिचर आठवत होते. त्यांना सगळे मामा म्हणायचे. जुन्या धोतराच्या चिंध्या पिळून ते स्पिरिटच्या दिव्याच्या वाती करत. परीक्षानळ्या धुऊन उन्हात उलट्या लावत आणि एक जरी फुटली तरी दिवसभर कुणाशी बोलत नसत. मी नोकरीला लागले तेव्हा मला स्टँडला ब्युरेट सरळ लावता येत नव्हती. ती मामांनी शिकवली, तीही पोरं वर्गात यायच्या आधी, माझी शोभा होऊ नये म्हणून.

तर, सर्वांत जुन्या कपाटामागे, भिंत आणि लाकूड यांच्या फटीत एक वस्तू अडकलेली सापडली. मोठ्या वाडग्याएवढी, पितळेची, चांगलीच जड. तळाच्या बाजूला धरायला कडी आणि कडीशेजारी एक छोटी तोटी, फिरवायच्या चावीसकट. सगळं काळंहिरवं पडलेलं.

बातमी स्टाफरूममध्ये गेली आणि विद्वानांची रांग लागली. मराठीचे सर म्हणाले, हा हुक्का आहे, निजामाचे साहेब लोक ओढत असणार. खेळाच्या सरांना ते स्टोव्हचं भांडं वाटलं. शिपायानं कानाला लावून पाहिलं आणि म्हणाला, "लई जुनं हाय मॅडम, ह्यात धन असतंय." नव्या विज्ञान शिक्षिकेनं फोन काढून फोटो घेतला. माझा चार्ज तिच्याकडेच जाणार होता. फोननं क्षणात निकाल दिला, घंटा. सगळे हसले. मीही हसले, जरा जास्तच. अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला जे ओळखता येत नाही ते फोनला काय कळणार, असा माझा तोरा.

दुपारी सगळे पांगल्यावर मी ते चिंच लावून घासलं. मग ओट्यावर काचेची पाटी ठेवून त्यावर पालथं घातलं. ते जराही डगमगलं नाही. काठ बोटभर रुंद आणि आरशासारखा सपाट. स्वयंपाकाच्या भांड्याचा काठ इतक्या मेहनतीनं कुणी घासत नाही. असा काठ एवढ्याचसाठी करतात, की त्यावर दुसरा तसाच काठ बसावा आणि मधून हवासुद्धा जाऊ नये. तोटी होती ती हवा ओढून घ्यायला. मी पोरांना हवेचा दाब शिकवताना दर वर्षी फळ्यावर दोन पोकळ अर्धे गोल काढायची, दोन्हीकडे घोडे काढायची, घोड्यांची गाढवं व्हायची आणि वर्ग हसायचा. आतली हवा काढली की बाहेरची हवा दोन्ही अर्धे इतके दाबून धरते की घोड्यांनी ओढूनही सुटत नाहीत. जन्मभर चित्र काढलेली वस्तू हातात होती आणि मी तिला ओळखलं नव्हतं.

आनंद जेमतेम मिनिटभर टिकला. कारण मग मला साठा नोंदवही आठवली.

मी नोकरीला लागले त्या पहिल्या महिन्यात चार्ज घेताना ती वही माझ्यासमोर आली होती. तिच्यात एक ओळ होती, "पितळी अर्धगोल, जोड एक." मी कपाटं पाहिली, सापडले नाहीत. ते काय असतं, हेही मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. पण नवी होते, कडक होते, आणि लाल शाईचा पेन नुकताच हातात आला होता. मी लिहिलं, "आढळ नाही." खाली सही केली. मुख्याध्यापकांनी त्यावरून मामांना नोटीस दिली. पितळ म्हणजे मोडीत जाणारी वस्तू, मग नेणार कोण, हे लोकांनी आपसूक ठरवून टाकलं. गेटवर आठवडाभर पिशवी तपासली गेली ती एकट्या मामांची. शाळेत इतर शिपाई होते, कारकून होते, आम्ही होतो. पण मामा बौद्धवाड्यातले. हे कारण कुणी तोंडानं बोललं नाही आणि मी ते तोंडानं विचारलं नाही. वर्ष संपायच्या आत त्यांची बदली संस्थेच्याच किनवटकडच्या आश्रमशाळेत झाली. ज्यांनी माझी शोभा होऊ दिली नव्हती, त्यांची मी अशी करून ठेवली.

तेव्हा मला वाटलं होतं, चोरी झाली असेल तर असेल, मी फक्त खरं ते लिहिलं. आता एक अर्धा माझ्यासमोर होता. दुसरा कपाटामागे नव्हता, माळ्यावर नव्हता, भंगारात नव्हता. दुसरा सापडल्याशिवाय मामांवरचा डाग धुतला जाणार नव्हता. अर्धीच वस्तू शाळेत सापडली, तर लोक म्हणाले असते, उरलेली अर्धी नेली.

दोन दिवस मी शाळा उपसली. तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात उभी असताना शिपायानं शेवटच्या तासाची घंटा दिली. डोक्यावर, वाशाला टांगलेली. मी वर पाहिलं आणि फोनचा निकाल आठवला. स्टूल मागवलं. शिपाई खाली धरून उभा, म्हणतोय, "मॅडम, पडसाल, उतरा." मी दोऱ्यानं काठाचं माप घेऊन सापडलेल्या अर्ध्याशी ताडून पाहिलं. तंतोतंत. ब्लेडनं रंगाचे थर खरवडले. लाल, त्याखाली चंदेरी, त्याखाली निळा, त्याखाली पितळ. दर तासाला ती चोरीची वस्तू आमच्या कानाशी बडवली जात होती. दर खंडेनवमीला मी स्वतः तिला हळदकुंकू वाहत होते, झेंडूची माळ घालत होते.

दोन्ही काठ व्हॅसलीन लावून जोडले. सायकलच्या पंपाचा वायसर उलटा बसवून हवा ओढून पाहिली. सूं करत हवा परत आत गेली. इतकी वर्षं मार खाऊन घंटेच्या काठाला पोचे पडले होते. प्रयोग जमला नाही. पण जोड मात्र पूर्ण होती. मी त्याच दिवशी जुन्या ओळीखाली लिहिलं, "जोड शाळेतच होती. वरील शेरा चुकीचा." पुन्हा लाल शाईनं, पुन्हा सही.

रविवारी आदिलाबादच्या गाडीनं किनवटला गेले. पत्ता आश्रमशाळेच्या कारकुनाकडून मिळाला होता. मामा अंगणात बाजेवर बसले होते. वाळले होते, पण ओळखू आले. त्यांनीही मला ओळखलं. "या बाई," म्हणाले, आणि खुर्ची आणायला स्वतः उठले. पाणी झालं, चहा झाला. मी वहीच्या त्या पानाची प्रत त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. घंटेचं सांगताना मला वाटलं, ते चकित होतील.

"हाव," मामा म्हणाले. "मीच टांगली हुती. घंटेचा रुळाचा तुकडा कुणी तरी नेला, तवा आधीचे हेडमास्तर म्हणाले, काही तरी वाजणारं लाव. ह्याचा एक अर्धा लावला, दुसरा कपाटावर ठिवला. पडला असंल मागं."

"मग मामा, तेव्हा बोलला का नाहीत?"

"नोटिशीत लिवलं हुतं, पितळी वस्तू. कोणती, ते न्हाई. मी हेडमास्तरला इचारलं, ते म्हणाले तुलाच ठाऊक." मग माझ्याकडे बघून, जराही आवाज न चढवता म्हणाले, "तुमी तर रोज दिसत हुत्या बाई. एकदा इचारलं असतं तर वर बोट दावलं असतं. तुमी इचारलं न्हाई. लिवलं."

मी माफी मागितली. ती फार तोकडी आहे, हे मला मागतानाच कळत होतं. मामांनी कागदाची घडी केली आणि म्हणाले, "माझं काय, माझं निभलं. माझी पोरगी तवा तुमच्या शाळेत सातवीत हुती. बदली झाली तवा तिच्या आत्याकडं ठिवली, वरीस पुरं व्हावं म्हणून. तिला पोरं काय काय म्हणायची. लातूरला हाय आता, दवाखान्यात नर्स. तिला सांगता का?"

त्यांनी नंबर लावला आणि फोन माझ्यापुढं धरला. "हॅलो, बाबा, जेवलात का?" पलीकडून आवाज आला. इतक्या वर्षांत कुठल्याही वर्गात माझं पहिलं वाक्य अडलं नव्हतं, इथं अडलं. मी शाळेचं नाव सांगितलं, माझं नाव सांगितलं. मग मी म्हणाले, "ती वस्तू शाळेतच होती. तुझ्या बाबांनी काही नेलं नव्हतं. मी त्यांना न विचारता लिहिलं. चूक माझी होती."

मामा दुसरीकडे बघत होते.

"बाई," ती म्हणाली, "बाबांनी काही नेलं नव्हतं, हे मला तेव्हाच माहीत होतं. तुम्हाला आत्ता कळलं."