एका बाजूचा आवाज

ऑफिसात त्यांना सगळे हॅलोकाका म्हणत. तोंडावरच म्हणत, त्यामुळे पाठीमागे वेगळं नाव ठेवायची कुणाला गरज पडली नाही. टेलिफोन विभाग म्हणजे हे एकटेच. कुणाचा फोन बिघडला की काका यायचे, रिसीव्हर कानाला लावायचे आणि "हॅलो, हॅलो, येतंय का ऐकू?" करत कारण सापडेपर्यंत तिथून हलायचे नाहीत.

मग कंपनीने सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं. लोक टेबलावरचे फोन पिशवीत घालून घरी घेऊन गेले. फोन इंटरनेटवर चालणारे, तेव्हा घरी जोडले तरी ऑफिसच्या एक्स्चेंजशी त्यांची गाठ घालून द्यावी लागे. इंटरनेटच्या भर गर्दीतून एक खासगी बोगदा काढायचा आणि त्यातून आवाजाची ने-आण करायची. व्हीपीएन म्हणतात ते हेच. बोगदा कुठे बुजला ते बघायला एक्स्चेंजपाशी कुणीतरी हवं, म्हणून काका तेवढे ऑफिसात येत राहिले.

अख्ख्या मजल्यावर ते आणि रिकाम्या खुर्च्या. एका खुर्चीवर कुणाचा तरी स्वेटर तसाच राहिला होता. कुणी हललं नाही की दिवे आपोआप विझायचे, मग काका बसल्या जागी हात वर करायचे आणि दिवे लागायचे. जेवायला मात्र ते जागा बदलून बसत. एक दिवस हिशेबनिसाच्या टेबलावर, दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी. डबा सकाळी स्वतःच भरलेला असे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगी लग्न होऊन परगावी गेली होती. ती फोन उचलायची तो "बाबा, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते" असं म्हणायलाच.

त्यामुळे कुणाचा फोन दुरुस्त करताना काका जरा रेंगाळत. आवाज नीट आला का, असं विचारता विचारता हवापाण्यावर येत, मग गुडघ्यावर, मग पूर्वीच्या एक्स्चेंजमध्ये कसा वायरींचा गुंता असायचा त्यावर. समोरचा हूं हूं करायचा. काकांना वाटायचं, रंगतायत गप्पा.

सगळ्यांत जास्त फोन यायचे ते तक्रार विभागातल्या बाईंचे. चाळिशीच्या, बोलायला मऊ. ग्राहकांची गाऱ्हाणी ऐकणं हेच त्यांचं काम. घरी अंथरुणाला खिळलेले वडील होते, त्यांना त्या आप्पा म्हणत. बाईंच्या फोनचं दुखणं चमत्कारिक होतं. सकाळी ठणठणीत असायचा आणि मध्येच एका बाजूने मुका व्हायचा. बाईंचा आवाज ऑफिसात स्वच्छ येई, ऑफिसचा आवाज बाईंना जात नसे. फोन बंद करून लावला की पुन्हा बरा. काकांनी वायर बदलायला लावली, राउटर बदलून पाठवला, पण फरक पडला नाही.

एका दुपारी बाईंचाच फोन आला. काका नेहमीप्रमाणे "हॅलो, बोला मॅडम" म्हणाले. तिकडून बाई म्हणाल्या, "काका, आहात का? काही ऐकू येत नाहीये बघा." आणि त्यांनी रिसीव्हर ठेवला. तो नीट बसला नसावा, कारण लाईन चालूच राहिली. काकांना कप ठेवल्याचा आवाज आला, मग आप्पांचा खोल गेलेला स्वर.

"कोण गं?"

"तो फोनवाला, आप्पा. माणूस भला आहे, पण एकदा सुरू झाला की थांबत नाही. घरी बोलायला कुणी नसणार त्याला. मलाच धरून बसतो."

"मग ठेवून द्यायचा फोन."

"कसा ठेवणार? वाईट वाटतं."

काकांनी हलकेच लाईन तोडली. दिवे विझले, तरी त्यांनी हात वर केला नाही.

दुसऱ्या दिवशी ते हट्टाला पेटले. एक्स्चेंजमधली नोंद न नोंद तपासली आणि खोट सापडली. बाईंचं इंटरनेट क्षणभर गेलं की बोगदा नव्याने जुळायचा, आणि त्या गडबडीत फोन आपला बोगद्यातला पत्ता सांगायच्या ऐवजी घरातला सांगून मोकळा व्हायचा. नेमका तोच पत्ता ऑफिसातल्या एका प्रिंटरचा होता. म्हणजे फोन मुका झाल्यावर काका जे जे बोलले होते ते सगळं कोपऱ्यातल्या त्या बंद झाकणाच्या प्रिंटरकडे जात होतं. त्यांना हसू आलं, पण पुरतं आलं नाही. त्यांनी पत्ता पक्का करून टाकला. फोन सुधारला.

त्या रविवारी बहिणीशी बोलताना त्यांनी विचारलं, "मी फार बोलतो का गं?"

बहीण हसली. "दादा, तुझ्या तोंडून शब्द काढायला पूर्वी आम्ही हात जोडायचो. बोलायचं काम वहिनीचं होतं. ती गेली आणि तू सुरू झालास."

"मग कुणी सांगितलं का नाही मला?"

"काय सांगायचं," ती म्हणाली, आणि तिने विषय बदलला.

काका कामापुरते बोलू लागले. आवाज येतो? येतो. ठेवतो. लोकांना ते सोयीचं पडलं असावं, कारण कुणी काही विचारलं नाही. विचारलं ते बाईंनी.

"काका, फोन व्यवस्थित आहे. मी सहजच केला. तुमचं काही बिनसलंय का?"

काही नाही म्हणून सुटता आलं असतं. पण काकांनी सांगून टाकलं, "मॅडम, त्या दिवशी मला तुमचा आवाज येत होता."

पलीकडे शांतता झाली. या वेळी लाईन ठीक होती.

"दिवसभर लोकांचं ऐकते हो मी," बाई शेवटी म्हणाल्या. "मग आप्पांचं. कान किटून जातात. तुमचं सुरू झालं की वाटायचं, आणखी एक. तुमच्यावर निघालं ते."

"बरोबरच बोललात तुम्ही."

"बरोबर असलं तरी बोलायला नको होतं. आता बोला तुम्ही, मी ऐकते."

बोला म्हटल्यावर काकांना काही सुचेना. त्यांनी विचारलं, "आप्पा कसे आहेत?"

बाई आधी अडखळल्या, मग बोलत गेल्या. आप्पा रात्री झोपत नाहीत, कधी कधी लेकीला ओळखत नाहीत, भाऊ फक्त सल्ले पाठवतो. काका ऐकत राहिले. आपला गुडघा त्यांना दोनदा आठवला, दोन्ही वेळा त्यांनी गिळून टाकला.

पुढे मधूनमधून असं होऊ लागलं. बाई बोलायच्या, काका ऐकायचे. मग कंपनीने ठरवलं, फोनच नकोत, संगणकाला हेडफोन लावून बोला. खोक्यांतून फोन परत येऊ लागले. काका एकेक पुसून कपाटात ठेवत. एका खोक्यात बाईंचा फोन निघाला. चौकशी केली तेव्हा कळलं, आप्पांसाठी त्यांनी नोकरीच सोडली होती.

बाईंचा मोबाईल नंबर काकांकडे होता. पण काय निमित्ताने करायचा? फोन आता कुणाचा बिघडणार नव्हता. पुष्कळ दिवस काढून त्यांनी अखेर केला.

"काका, आप्पांना भरवतेय. नंतर करते," बाई म्हणाल्या.

नंतर आला नाही. मुलीची सवय असल्याने काकांनी वाट पाहिली नाही, निदान स्वतःला तसं सांगितलं.

महिना उलटून गेल्यावर एका सुट्टीच्या सकाळी ते भाजी चिरत असताना फोन वाजला. "काका, आप्पा गेले," बाई म्हणाल्या. "भेटायला येणारे आले नि गेले. आज घरात कुणी नाही. कुणाला करावा कळेना."

काकांनी सुरी बाजूला ठेवली आणि स्टूल ओढून बसले. "बोला," ते म्हणाले.

बाई खूप वेळ बोलल्या, मध्ये रडल्या, पुन्हा बोलल्या. काकांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. फोन ठेवला तेव्हा चिरलेली भाजी सुकून गेली होती. त्यांनी ती पाण्यात टाकली आणि गॅस पेटवला.