त्या आगीची काजळी

ऑफिसचं बाथरूम ॲसिडने धुतलं की मला आखातातल्या रास अल खैमाची टाइल फॅक्टरी आठवते. मी तिथे नवीन होते. एक जर्मन आजोबा रुमालात निळ्या फरशीचा तुकडा घेऊन आले होते. त्यांच्या गावातलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, जाळलं गेलं तेव्हा त्यांच्या आईने तो राखेतून उचलला होता. दुसरं काहीच उरलं नव्हतं. स्मारकासाठी त्यांना तशीच फरशी करून हवी होती. संध्याकाळी आमचे रत्नागिरीचे सुपरवायझर चाचा नमुना म्हणून नेलेला तुकडा ॲसिडने धुऊन, चमकवूनच घेऊन आले. "बघ बेटा, काळं सगळं काढलं. एकदम नवीकोरी." आजोबांनी त्यावरून अंगठा फिरवला, मग अंगठ्याकडे पाहिलं. "ती त्या आगीची काजळी होती," ते इंग्रजीत हळूच मला म्हणाले. "काय म्हणतात? खूश आहेत ना?" चाचांनी विचारलं. मी हो म्हटलं. अजून ॲसिडचा तो वास आला की माझं लक्ष आधी माझ्याच अंगठ्याकडे जातं.