पाठ टेकली नव्हती

दोन हजार चार साली, एका रविवारी, आम्ही नवरा-बायको रोमच्या संग्रहालयात एका पडलेल्या माणसासमोर बसलो होतो. दोघांनी मिळून केलेली ती शेवटची गोष्ट. पोरगा त्या शहरात नोकरीला, त्यानंच नेलं होतं. माणूस संगमरवरी. बरगडीखाली जखम, मान खाली, एक तळवा जमिनीत रोवून कसाबसा बसलेला.

पोरानं पाटी वाचली. "आबा, हा हरलेला शत्रू. जिंकलेल्या ग्रीक राजानं याचा पुतळा करवला. पुढं इथल्या रोमवाल्यांनी संगमरवरात ही नक्कल केली."

"आणि जिंकलेला कुठाय?" हिनं विचारलं.

"तो इथं नाही, आई."

मी शाळेत टिकलो नाही, तालमीत वाढलो. आमच्याकडं हरलेल्याकडं कोण बघतंय? फेटा जिंकलेल्याला, हलगी त्याच्यापुढं. इथं वैऱ्याच्या दंडावरची शीरसुद्धा मन लावून कोरलेली. कोरणारा मोठ्या काळजाचा. आणि हा गडी हरूनही दोनदा घडवला गेला. मी उठून त्याला नमस्कार केला. लोक बघत होते, बघू देत.

"हरला कसला? पाठ कुठं टेकलीय त्याची?" मी म्हणालो.

"अवो, तुमची तर टेकली होती! लग्नाच्या साली, जत्रेतल्या कुस्तीत, माझ्या माहेरच्यांसमोर. मग असंच बसलेला तोंड पाडून." ही खुदकन हसली. "मीच म्हणाले, माती झाडा आणि जेवायला चला."

त्याच संध्याकाळी पोराच्या घरी सोफ्यावर बसल्या बसल्या ही गेली. डॉक्टर आला, मग गाडी येऊन तिला घेऊनही गेली. दहनाला आठवडा लागणार म्हणाले. तोवर चूल पेटवायची नाही, ही आपली रीत. सून पुण्याला होती. घरात आम्ही दोघंच, दोघंही उपाशी.

सकाळी मी अंथरुणात उताणा पडून होतो. उठावंसं वाटत नव्हतं, खरं सांगतो. मान वळवली तर पोरगा दाराला टेकून खाली बसलेला. मान खाली, एक तळवा जमिनीवर. रात्रभर तसाच असावा. आठवडाभर याला असाच ठेवला तर हाही जाईल माझ्या हातचा.

मी तळवा रोवला, गुडघा दुमडला, उठलो. लाकडी जमीन, माती कुठली? तरी मांड्या झाडल्या. त्याला हात दिला.

"आबा, रीत..."

"तिची रीत मला ठाऊक आहे. ऊठ."

शेगडीचं बटण फिरवलं आणि भात टाकला.