पावसाच्या रकान्यातला आकडा

रईसभाईंचा कॉम्प्युटर माझ्या तेलगावच्या झेरॉक्सच्या दुकानात मागच्या कोपऱ्यात असतो. त्याच्या पंख्याच्या घरघरीनं माझं डोकं उठतं, पण माणूस भला, म्हणून मी चालवून घेतो. जिथं मोबाइलला रेंज नाही तिथं रईसभाई उपग्रहाची छत्री, म्हणजे डिश, बसवतात. आधी कॉम्प्युटरमध्ये गावाची जागा, छत्रीचं माप आणि पावसाचा जोर भरायचा. मग सॉफ्टवेअर सांगतं, लाइन टिकेल की तुटेल. वीस वर्षं हेच चाललंय. आता जिना चढताना त्यांचे गुडघे बोलतात.

चार वर्षांपूर्वी एका आरोग्य उपकेंद्राच्या वेळी त्यांनी पावसाच्या रकान्यात अगदी लहान आकडा टाकला आणि लहान छत्री बसवली. बीडच्या कुणीही टाकला असता. मीच शेजारून म्हणालो होतो, "आपल्याकडं कुठं आलाय पाऊस!" पण सॉफ्टवेअर वर्षाचा पाऊस विचारत नव्हतं, तासाचा विचारत होतं. आणि आपल्याकडं पडतो तेव्हा सगळा एकदमच पडतो. असाच एकदा कोसळला आणि डॉक्टर स्क्रीनवरून नर्सला बाळंतपण कसं करायचं ते सांगत असतानाच लाइन गेली. बाळंतीण वाचली, बाळ गेलं. लाइन असती तर वाचलं असतं का, कुणास ठाऊक. रईसभाईंना कुणी एका शब्दानं बोललं नाही, तेच त्यांना जड गेलं.

गेल्या महिन्यात छत्र्यांची कामं देणाऱ्या कंपनीचे विजयसिंह आले. तलवाड्याच्या पलीकडं एका उपकेंद्राचं काम होतं आणि रईसभाईंनी मोठी छत्री सुचवली होती.

"एवढी मोठी कावून, रईसभाई? दुष्काळी जिल्हा हाय आपला. पावसाचा आकडा कमी करा, लहान छत्री स्वस्तात बसतीय."

"न्हाई साहेब. मागं एकदा केलतं तसं."

"तुमी न्हाई केलं तर दुसरा करंल."

"करू द्या. माझी सही न्हाई."

विजयसिंहांनी तिथंच लॅपटॉप उघडून आकडा बदलला. दोन मिनिटांत लहान छत्री पास! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रईसभाईंनी मात्र आपला कॉम्प्युटर बंद केला. मग मला म्हणाले, "लई थकलो बे."

ती छत्री बसल्याचं कळलं तशी त्यांनी तिकडची एसटी धरली. एकटे कसे जातील, म्हणून मी दुकान बंद करून सोबत गेलो. तिथल्या नर्स सुकन्याताईंना त्यांनी सगळं खरं सांगितलं.

"ताई, आभाळ भरून आलं की आधीच डॉक्टरला लाइन लावून घेत जा. जोराचा पाऊस लागल्यावर लागायची न्हाई."

सुकन्याताईंनी एकदा छताकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं.

"भाई, बाई काय आभाळ बघून बाळंत होती का?"